ढग नसलेला फ्लेक्स

आमच्या भागात माणूस गेला की आधी डॉक्टरांना कळतं, मग नातेवाइकांना, आणि तिसरा नंबर आमच्या दुकानाचा. कधी कधी तर आम्ही नातेवाइकांच्याही पुढे असायचो. कोणीतरी धापा टाकत यायचं, मोबाइल पुढे धरायचं आणि म्हणायचं, "ताई, हा फोटो. लगेच लागेल ना?"

बुधवार पेठेतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शेठनी दुकानाच्या दारात माझाच फ्लेक्स लावला. माझ्या मागे सूर्योदय, दोन्ही बाजूंना मोर, आणि माझं नाव सोनेरी अक्षरांत. मला कळू नये म्हणून मशीनवरच्या गजाननने तो गुपचूप केला होता. मला हसूही आलं आणि रडूही. इतकी वर्षं आपण लोकांच्या गळ्यात काय काय घातलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा समोरून दिसलं.

लोकांना वाटतं, फ्लेक्स म्हणजे काय, कॉम्प्युटरवर चार फोटो टाकायचे, बटण दाबायचं, झालं. झालं कसलं डोंबल. आमच्या धंद्यात डिझाइन हा शब्द कोणी वापरत नाही. 'सेटिंग' म्हणतात. सेटिंग म्हणजे माणसं बसवणं, लग्नाच्या पंगतीत बसवतात तशी. मधोमध ज्याचा वाढदिवस तो. वर त्याचे नेते. खाली शुभेच्छुक. कोणाचा चेहरा कोणाच्या शेजारी चालतो, कोणाचा कोणाच्या खाली चालत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने या धंद्यात पडूच नये. एकदा एक गृहस्थ आले. म्हणाले, "माझा फोटो साहेबांपेक्षा लहान पाहिजे, पण दिसला पाहिजे मोठा." मी साहेबांना पायांपर्यंत उभं केलं आणि यांचा नुसता चेहरा घेतला. चौकट लहान, पण नाक साहेबांच्या दुप्पट. गृहस्थ इतके खूश झाले की पेढे घेऊन आले. ते खरं तर डिझाइनच होतं, पण तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

श्रद्धांजलीचं काम मात्र निराळं. ते आलं की रांगेतलं सगळं थांबायचं. निवडणुकीचा उमेदवार समोर बसलेला असला तरी त्याला सांगायचं, साहेब, पाच मिनिटं. आणि कधी कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. या कामात कल्पकतेला वाव नव्हता. निळं आकाश, पांढरे ढग, कोपऱ्यात समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुलांची नावं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये एकच आकाश होतं. अख्ख्या पेठेतली माणसं त्याच आकाशात गेली.

अवघड असायचं ते फोटो कापणं. जाणाऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो घरात नसतोच. कोणाच्या तरी लग्नातला, सहलीतला घोळक्यातला फोटो यायचा. मग त्यातून माणूस सोडवायचा. हमखास खांद्यावर कोणाचा तरी हात असायचा. तो हात पुसायचा आणि तिथे खांदा रंगवायचा. हात पुसून खांदा काढण्यात माझा हातखंडा होता. एकदा एक बाई शेजारी बसून माझं काम बघत होत्या. मी खांद्यावरच्या हातापाशी आले तशा म्हणाल्या, "तेवढा राहू द्या. माझाच आहे तो." तो फ्लेक्स तसाच लागला, खांद्यावर बांगड्यांचा हात असलेला. लोक विचारत होते, मी काही सांगितलं नाही.

मी मुळातली कापडावरची. चित्रकलेचं शिक्षण अर्धवट टाकून नोकरीला लागले, तेव्हा फ्लेक्स नव्हते, कापडी फलक होते. दोन खिळ्यांना दोरा बांधून रेघ मारायची, गुडघ्यावर बसायचं आणि लाल रंगात ब्रश बुडवायचा. 'व्याख्यानमाला' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की आजही झोपेत लिहीन. ब्रश दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. टर्पेंटाइनचा वास साडीला यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "आली रंगारीण." मला ते नाव आवडायचं. मग मशीन आलं आणि एका वर्षात ब्रश गेले. कुठे गेले तेही आठवत नाही. नोकरी टिकली याचाच आनंद इतका होता की मागे वळून बघायचं सुचलंच नाही.

हे दुःख पुष्कळ वर्षं झोपून होतं. लॉकडाउनमध्ये दुकान बंद पडलं तेव्हा जागं झालं. भाचीने फोनवर सांगितलं, "मावशी, ऑनलाइन डिझाइनचे कोर्स असतात, कर की." मी म्हटलं, या वयात काय कोर्स. पण घरात बसून बसून आमटीला तिसऱ्यांदा फोडणी द्यायची वेळ आली होती, म्हणून नाव घातलं. पहिला कोर्स रंगांचा. दुसरा अक्षरांचा. दुकान पुन्हा सुरू झालं तरी मी थांबले नाही. सकाळी लवकर उठून, केसांचा अंबाडा बांधून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा.

आमच्या ह्यांची बँकेतली नोकरी तेव्हा नुकती संपली होती. पहिले काही दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "पोळ्या लाटायच्या कामाला जाणाऱ्या बाईने घरी येऊन छंद म्हणून पुन्हा पोळ्याच लाटायच्या, तसं चाललंय तुझं."

"दुकानात लोकांच्या लाटते," मी म्हटलं. "ही माझी."

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा त्यांनी करायला घेतला. आमच्या घरात याला पाठिंबा म्हणतात.

आमच्या कोर्सच्या बाई कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या. मागे खिडकी, खिडकीत पांढरं सगळं, आणि मधूनच टेबलावरून जाणारं एक जाडं मांजर. इंग्रजी बोलायच्या ते मला अर्धं कळायचं, उरलेलं खाली अक्षरांत वाचायचे. त्यांचा एक नियम होता. काम झालं की रोज त्यातली एक गोष्ट काढून टाका. काढल्यावर काही बिघडलं नाही, तर ती कधी लागतच नव्हती असं समजा. मी हे ह्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "आधी माळ्यावर लावून बघ हा नियम."

मी तो दुकानात लावून पाहिला. एका मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. मी सगळा फ्लेक्स पांढरा ठेवला. मधोमध रक्ताचा एकच थेंब, खाली बारीक अक्षरांत वेळ आणि जागा. इतकी खूश होते मी स्वतःवर. जेवून येते तर मशीनमधून फ्लेक्स बाहेर येतोय आणि त्या थेंबाच्या चारही बाजूंना गुलाब, हार, आणि मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे. गजानन मशीनपाशी उभा, काम झाल्याचं समाधान तोंडावर. तो वाशीमकडचा. इतकी वर्षं पुण्यात राहूनही बोली तिकडचीच ठेवलेली.

"गजानन, हे काय केलंस?"

"काहून ताई? एवढी जागा खाली होती ना वो. मले वाटलं, तुमी इसरून गेल्या."

त्याची चूक नव्हती. आमच्या धंद्यात मोकळी जागा म्हणजे राहिलेलं काम. एखाद्याचं नाव सुटलं असेल, एखादे साहेब राहिले असतील, आणि उद्या त्यावरून दुकानात भांडण येईल, म्हणून गजाननने आपलं कर्तव्य केलं होतं. मंडळाची माणसं आली, पाहिलं, आणि म्हणाली, "ताई, एक नंबर." मी कपाळाला हात लावला. तेव्हापासून ठरवलं, दुकानात भरायचं आणि घरी रिकामं करायचं.

तिसरा कोर्स पोस्टरचा होता. शेवटच्या कामाची अट अशी की खरंखुरं गिऱ्हाईक शोधा, कल्पनेतलं चालणार नाही. त्याच्यासाठी पोस्टर करा, 'हे मला मान्य आहे' असं त्याच्या तोंडून व्हिडिओत घ्या, आणि वर्गातले सगळे त्यावर आपलं मत देतील. मी घाबरलेच. दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोर लागतात. बाहेरच्या कोणाला फुकट करून देते म्हणावं, तर पुण्यात फुकट म्हटल्यावर माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो.

अशात पेंडसेकाका दुकानात आले. त्यांना मी ओळखत होते, कारण आदल्याच महिन्यात ते भांडायला आले होते. नारायण पेठेत त्यांच्या खिडकीसमोर आमचा एक वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. "अहो, हा मनुष्य कोण ते मला माहीत नाही," ते म्हणाले होते. "पण तो जन्माला आला यात माझ्या खिडकीचा काय दोष?" गजाननने जाऊन तो काढला होता.

या वेळी ते शांतपणे खुर्चीवर बसले. वय ऐंशीच्या घरात, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर छत्री.

"श्रद्धांजलीचा बोर्ड करायचाय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. "कोण गेलं, काका?"

"अजून कोणी नाही. मीच जाणार आहे. घाई नाही."

ते पुढे म्हणाले, "मी गेल्यावर तुम्ही लोक मला त्या ढगांत उभा करणार. मी नारायण पेठेत राहतो, ढगात नाही. तेव्हा आताच ठरवून टाकू. भावपूर्ण वगैरे लिहायचं नाही, कोणाचा किती भाव आहे ते मला माहीत आहे. खाली नावं नकोत. फोटो नको. माझा चेहरा ज्यांना माहीत आहे त्यांना दाखवायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना करायचाय काय?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असा माणूस बसला होता ज्याला फ्लेक्सवर कमी हवं होतं. मी त्यांना कोर्सचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे परीक्षा तुमची आणि मरायचं मी," ते म्हणाले. "बरं. करू."

मग ते दुपारचे येऊ लागले. मी काम दाखवायची, ते नाकारायचे. पहिला नमुना फिकट करडा होता. "दवाखान्याची पाटी वाटते." दुसऱ्यात मी बारीक काळी चौकट घातली. "मी काय खिडकीत बसलोय?" तिसऱ्यात चौकट काढली, तर बघत राहिले. "हे बरंय," म्हणाले, आणि घरी गेले. बरंय म्हणजे पुण्यात फार झालं. मी दिवसभर हवेत होते.

येता जाता बोलणं व्हायचं. ते तारखात्यात होते. लोक खिडकीशी येऊन तारेचा मजकूर लिहायचे तो त्यांनी जन्मभर घेतला. तेव्हा मजकूर कसा कापायचा हे मला त्यांना शिकवायची गरज नव्हती. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा समीर कर्वेनगरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो काही येत नाही, एवढंच आधी कळलं. का येत नाही ते पुष्कळ दिवसांनी कळलं.

काकू गेल्यावर काका रोज त्यांचं कपाट उघडून समोर बसायचे. तास तास. मुलाला बघवेना. एक दिवस काका पेन्शनच्या कामाला बाहेर गेले असताना त्याने सगळ्या साड्या भरल्या आणि एका संस्थेला देऊन टाकल्या. वडिलांचं दुःख हलकं होईल असं त्याला वाटलं. काका परत आले, रिकामं कपाट पाहिलं आणि म्हणाले, "आता इथे यायचं कारण नाही तुला." तोही त्यांचाच मुलगा. तो आलाच नाही. कर्वेनगर ते नारायण पेठ अंतर ते किती, पण दोघांपैकी कोणी ते चाललं नाही.

मजकूर त्यांनी स्वतः सांगितला. मी टाइप करत गेले.

'यशवंत पेंडसे गेले. ज्यांना यायला वेळ मिळाला नाही, त्यांनी आता यायची तसदी घेऊ नये.'

माझी बोटं थांबली. "काका, हे कोणासाठी आहे ते सगळ्या पेठेला कळेल."

"कळू दे."

"त्याला काय वाटेल?"

"वाटावं म्हणूनच तर लिहिलंय."

गिऱ्हाइकाचा मजकूर गिऱ्हाइकाचा असतो, त्यात आपण तोंड घालायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. मी लिहिलं. पांढऱ्या फ्लेक्सवर दोन ओळी काळ्या अक्षरांत. अक्षरं मी हाताने काढली होती, ब्रश पुन्हा विकत आणून, आणि मग कॉम्प्युटरवर घेतली होती. दिसायला इतकं सुरेख झालं होतं की मजकुराची धार अजूनच लागत होती. काकांनी मोबाइलसमोर ताठ बसून सांगितलं, "हे मला मान्य आहे." मी पाठवून दिलं.

वर्गातल्या लोकांची मतं आली. अक्षरं छान, मोकळी जागा छान, वगैरे. मी एकेक वाचून ह्यांना सांगत होते. शेवटी एका परदेशातल्या नर्सबाईंचं मत होतं. त्यांनी लिहिलं होतं, मला ही लिपी वाचता येत नाही, खालचं भाषांतर वाचलं. हे गृहस्थ कोणावर तरी रागावलेले दिसतात. पण तो माणूस हे वाचेल तेव्हा हे नसतील ना?

मी लॅपटॉप मिटला. मला रडायलाच आलं. जी गोष्ट महिनाभर समोर बसलेल्या मला बोलता आली नाही, ती कोण कुठल्या बाईने दोन ओळींत विचारली होती.

काका आले तेव्हा मी त्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"तारेच्या खिडकीशी लोक तावातावाने यायचे," मग म्हणाले. "भलंमोठं लिहून आणायचे. तू असा, तू तसा, तुझं तोंड बघणार नाही. आम्ही म्हणायचो, शब्दाला पैसे पडतात, थोडक्यात लिहा. मग ते तिथेच उभं राहून एकेक शब्द खोडायचे. रागाचे शब्द आधी जायचे. शेवटी काय उरायचं, तर 'लवकर ये'. कित्येकदा पाहिलंय मी हे."

"मग तुमचं काय उरतं, काका?"

ते उठले आणि निघून गेले. मला वाटलं, आपण जास्त बोललो. पुष्कळ दिवस आले नाहीत. कोर्सचं प्रमाणपत्र आलं, मी ते कोणाला दाखवलंही नाही. दिवाळीच्या गर्दीत, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, ते एकदम काउंटरशी उभे.

"दुसरी ओळ बदलायची आहे. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

'यशवंत पेंडसे गेले. ज्यांचं यायचं राहून गेलं, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.'

मी वर पाहिलं. ते गर्दीकडे बघत होते. मी हळूच म्हटलं, "काका, हे बोर्डावर कशाला? फोन करून सांगा ना त्याला. आज सांगा."

"फोनवर तो काहीतरी उत्तर देईल. मग मी काहीतरी बोलेन. माझं तोंड मला माहीत आहे. बोर्डाचं बरं असतं, बोलून झालं की गप्प बसतो."

"तुमची परीक्षा झाली असेल ना?" जाताना त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग हे परीक्षेबाहेरचं," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी समीरचा नंबर शोधून काढायला हवा होता, असं मला आजही वाटतं. अवघड नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. शिवाय काका धडधाकट होते. घाई नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

थंडीत एका सकाळी दुकान नुकतं उघडलं होतं. एक माणूस आला. पन्नाशीच्या आतला, पाठीला ऑफिसची बॅग, दाढी वाढलेली. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "ताई, माझे वडील गेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचाय. ते नेहमीचं असतं ना निळं, ते चालेल. फोटो एवढाच आहे माझ्याकडे."

त्याच्या लग्नातला फोटो होता. काका, काकू, नवरानवरी, आणि काकांचा हात मुलाच्या खांद्यावर. मला नाव विचारायची गरज पडली नाही.

धंद्याच्या नियमाने समोरचं गिऱ्हाईक खरं. त्याला ढग हवे होते, ढग द्यायचे. पण या बोर्डाचं गिऱ्हाईक आधीच येऊन गेलं होतं.

"बसा जरा," मी म्हटलं. "पेंडसेकाकांनी त्यांचा बोर्ड स्वतःच करून ठेवलाय."

"बाबांनी?" तो हसल्यासारखं करून खुर्चीवर बसला. "मग माझा उद्धारच असेल त्यात."

मी मॉनिटर त्याच्याकडे वळवला.

त्याने 'वाईट वाटून घेऊ नये'पर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं असावं, कारण ओळी दोनच होत्या आणि वेळ फार गेला. गजाननने विचारलं, कोणाचं काम आहे, तर मी त्याला हातानेच थांबवलं.

"हे कधी लिहिलं त्यांनी?"

"दिवाळीत."

"आधी दुसरं काही होतं का?"

खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. "होतं," मी म्हटलं. "ते त्यांचं त्यांनीच काढलं."

त्याने मान हलवली. "मग मला फोन का नाही केला?"

"मी म्हटलं होतं. ते म्हणाले, तुम्ही काहीतरी उत्तर द्याल. मग ते काहीतरी बोलतील."

तो एकदम हसला आणि हसता हसताच त्याचा चेहरा पिळवटला. भर सकाळी, उघड्या दुकानात, मोठा माणूस तोंडावर हात घेऊन रडत होता. मी पाणी दिलं. जरा वेळाने तो म्हणाला, "मी दोनदा आलो होतो गल्लीच्या तोंडापर्यंत. खिडकीत दिवा दिसला. म्हटलं, जेवत असतील, उगाच आता कशाला. आईच्या साड्यांबद्दल मला सॉरी म्हणायचं होतं. बस, एवढंच म्हणायचं होतं."

फोटोतले हात पुसायला मला येतात, पण हे पुसायला येत नाही.

त्याने रुमालाने डोळे पुसले आणि पुन्हा मॉनिटरकडे बघितलं. "हे असंच लावा," म्हणाला. "फोटो नको. पण खाली एक ओळ घालता येईल?"

"नावं नकोत असं त्यांनी सांगितलंय हो," मी म्हटलं. मला तो नकार देणं जड गेलं, पण ते काम काकांना मान्य होतं तसंच जायला हवं होतं.

"नाव नाही."

"मग काय लिहू?"

तो मनात एकेक शब्द खोडत असावा. मग हळू आवाजात म्हणाला,

"'वाटतंय, बाबा.' बस. एवढंच."

मी ब्रश काढला, कागद घेतला आणि ती अक्षरं त्याच्यासमोर हाताने काढली. कोर्समध्ये पक्कं शिकवलं होतं की दोन ओळी एका आकाराच्या ठेवू नयेत, एक मोठी हवी, दुसरी तिच्यापुढे लहान. मी मुलाची ओळ वडिलांच्या ओळीएवढीच ठेवली, आणि गजाननला सांगितलं, बाकीचं सगळं थांबव, हे आधी घे.